२२० तासांत पंचाहत्तर वर्षांची हजेरी

घड्याळ शून्यावर येतं ते ६ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी. त्या दिवशी राज्यसभेनं फौजदारी प्रक्रिया (ओळख) विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं. अटक झालेल्या माणसाचे बोटांचे, तळहाताचे आणि पावलांचे ठसे, छायाचित्र, बुबुळाचं आणि नेत्रपटलाचं स्कॅन, जैविक नमुने, सही, हस्ताक्षर हे सगळं घ्यायचं आणि राष्ट्रीय साठ्यात ७५ वर्षं जपून ठेवायचं, असा अधिकार देणारं हे विधेयक. लोकसभेत ते मांडलं गेलं २८ मार्चच्या दुपारी. मधे गेले साधारण २२० तास. त्यात रात्री आल्या, शनिवार-रविवार आले, गुढीपाडवाही आला.

मी याला अनर्थ म्हणतो आणि हा शब्द मी जपून वापरतो. कोणी मेलं नाही, कुठे काही कोसळलं नाही. पण ज्या लोकांवर या कायद्याचा भार सगळ्यात जास्त पडणार होता त्यांना बोलावून विचारण्याची एकच सोय संसदेच्या कामकाजात असते, ती म्हणजे समिती. त्या २२० तासांत ते दार दोनदा दिसलं आणि दोन्ही वेळा बंद झालं. हे लोक कोण, हे सांगायला मी माळव्यातले दोन जिल्हे घेतो, धार आणि देवास.

मराठी वाचकाला ही दोन्ही नावं जवळची आहेत. दोन्ही पवारांची संस्थानं. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन. १९४८पासून कुमार गंधर्व देवासात राहिले, म्हणून ते गाव आपल्या कानाला आणखी जवळचं. याच जिल्ह्यांतून आग्रा-मुंबई रस्ता जातो. देवासहून इंदूर, पुढे घाट उतरून धार जिल्ह्यातलं धामनोद, मग खलघाटाला नर्मदा. या रस्त्यावर चालत्या ट्रकवर चढून माल उतरवण्याचे गुन्हे होतात. माळव्यात त्याला ‘ट्रक कटिंग’ म्हणतात. कटिंग झालं की देवासकडचे पोलीस सोनकच्छ, टोंकखुर्द भागातल्या कंजर जमातीच्या डेऱ्यांकडे वळतात. धारकडे गुन्हा झाला की बातमीत ‘बाग-टांडा गँग’ येते. बाग आणि टांडा ही भिल्ल वस्तीची गावं आहेत, त्यांत हजारो शेतकरी आणि मजूर राहतात. गावाचं नाव टोळीला दिलं की गावातल्या प्रत्येक तरुणावर संशयाचा शिक्का बसतो.

गुन्हे खरे असतात. ज्याचा ट्रक लुटला जातो तो ड्रायव्हरही गरीबच असतो आणि मालकापुढे उत्तर त्यालाच द्यावं लागतं. माझा मुद्दा त्याच्या विरोधात नाही. प्रश्न पुढचा आहे. गुन्ह्यानंतर ज्या दहा जणांना उचललं जातं आणि ज्यांतले आठ सुटतात, असं धरून चालू, त्या आठ जणांच्या बोटांचं पुढे काय होतं?

घड्याळ सुरू होण्याआधी

काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१चा. नोंद झालेल्या माणसानं हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली, आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. रात्री-अपरात्री नावं पुकारली जायची आणि झोपेतून उठून ओ द्यावी लागायची. इकडे मध्य भारतातल्या संस्थानांत मोघियांसारख्या जमातींवर इंग्रजांच्या ठगी आणि डकैती खात्याची नजर असे. ३१ ऑगस्ट १९५२ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. कंजर, सांसी, पारधी विमुक्त झाले.

हजेरी मात्र पोलीस नियमावलीत उरली. मध्य प्रदेश पोलीस रेग्युलेशन्समधले ८५५ आणि ८५६ हे नियम पाहा. ज्याच्यावर निगराणी ठेवायची त्याच्या घरी दिवसा आणि रात्री, अनियमित वेळांना भेट द्यायची. घराजवळ गुपचूप पहारा ठेवायचा. तो कुठे जातो-येतो हे पटेल, मुकादम, कोटवार यांनी कळवायचं. सगळं हिस्ट्रीशीटमध्ये चढवायचं. गोविंद नावाच्या माणसानं हे नियम थेट सर्वोच्च न्यायालयात नेले. १८ मार्च १९७५ला न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी निकाल दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्कांतून निघू शकतो हे मान्य केलं, पण नियम रद्द केले नाहीत. अर्थ आकुंचित करून ते वाचायला सांगितले, आणि हे जुने नियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, ते सुधारा, असंही राज्याला सुनावलं. माळव्यातल्या ठाण्यांत ‘निगराणी बदमाश’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे.

इथपर्यंत निगराणी माणसं करत होती. रात्रीच्या गस्तीचा शिपाई थकायचा, बदलून जायचा, वही हरवायची. पुढे यंत्रं आली, आणि ती संसदेत चर्चा होण्याआधी आली. देशातली पोलीस ठाणी संगणकानं जोडण्याच्या सीसीटीएनएस योजनेला १९ जून २००९ला आर्थिक बाबींच्या मंत्रिमंडळ समितीनं मंजुरी दिली, २,००० कोटी रुपयांची. चेहरा ओळखणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेची निविदा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २८ जून २०१९ला काढली, अंदाज सुमारे ३०८ कोटी. अशा यंत्रणेचं कंत्राट मंजुरीसाठी आपल्या संसदेपुढे येतच नाही. पैसा गृहखात्याच्या अनुदान मागण्यांच्या गठ्ठ्यातून जातो, निविदा विभाग काढतो, अटी अधिकारी आणि कंपन्या बसून ठरवतात. मग एखाद्या दिवशी यंत्रणेला साजेसा कायदा हवा असतो. २०२२च्या मार्चमध्ये तो दिवस आला. ठशांची राष्ट्रीय यंत्रणा, नाफिस, तोवर तयार होत आली होती.

२८ मार्च, सोमवार, दुपारी बारानंतर. सुमारे २२० तास उरले

लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास संपला. गृह राज्यमंत्री अजय मिश्रा विधेयक मांडायला उभे राहिले. मांडणीला सहसा कोणी मतविभागणी मागत नाही, सभागृह ‘हो’ म्हणतं आणि पुढे जातं. या वेळी विरोधकांनी मागितली. मनीष तिवारी यांनी घटनेच्या कलम २०(३)कडे बोट दाखवलं : कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अधीर रंजन चौधरी, सौगत रॉय, एन. के. प्रेमचंद्रन, रितेश पांडे यांनीही मांडणीलाच हरकत घेतली. मतं पडली बाजूनं १२०, विरोधात ५८.

५४३ जणांच्या सभागृहात त्या घटकेला मतदानात पावणेदोनशेच होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मांडणीवरच मतविभागणी व्हावी एवढं काही त्यात आहे, तर निदान तज्ज्ञांना दाखवू या, असं त्या दिवशी सरकारला वाटायला हवं होतं. दार पहिल्यांदा दिसलं ते इथे. गृहखात्याच्या स्थायी समितीकडे विधेयक पाठवायचं, तिनं साक्षी घ्यायच्या, अहवाल द्यायचा. ते झालं नाही.

जुना कायदा १९२०चा, कैद्यांच्या ओळखीचा. इंग्रजांनी केलेला, असहकाराच्या वर्षातला. पण तोही एका ठिकाणी थांबत होता. अटक झालेल्याचं माप घ्यायचं तर गुन्हा एक वर्ष किंवा जास्त सक्तमजुरीच्या शिक्षेचा असावा लागे. नव्या विधेयकानं ती पायरी काढून टाकली. कुठलाही गुन्हा चालेल. प्रतिबंधात्मक स्थानबद्धताही चालेल. चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायचा आदेश झालेला माणूसही चालेल, आणि विमुक्त वस्त्यांतल्या लोकांना ही कलमं तोंडपाठ असतात. नमुने घेणारा अधिकारी हेड कॉन्स्टेबलपर्यंत खाली आला. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा, स्त्री किंवा बालकाविरुद्ध नसलेला गुन्हा असेल तर जैविक नमुना नाकारता येतो, पण बोटं नाकारता येत नाहीत. अडवलं तर सरकारी कामात अडथळा, भारतीय दंडसंहितेचं कलम १८६.

२९ मार्च ते १ एप्रिल. सुमारे २०० तास ते १२० तास

या चार दिवसांत विधेयकाचं सभागृहात काही झालं नाही. म्हणून हे दिवस महत्त्वाचे.

केंद्र सरकारचंच एक धोरण आहे, फेब्रुवारी २०१४चं. कायद्याचा मसुदा संसदेत नेण्याआधी किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं घ्यावं. तीस दिवस म्हणजे ७२० तास. विधेयकाचा सगळा प्रवास त्याच्या एक-तृतीयांशाहून कमी वेळात झाला.

समिती असती तर काय झालं असतं, हे कल्पना करून सांगायची गरज नाही, उदाहरण हाताशी आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं कंपन्यांना बोलावलं, वकिलांना, संस्थांना, खात्यांना बोलावलं. अहवाल आला १६ डिसेंबर २०२१ला. दोन वर्षं. मोबाइलवरच्या माहितीचं काय करायचं यावर दोन वर्षं विचार होतो, ते योग्यच आहे. मग अंगावरच्या माहितीला दहा दिवस का?

अशा समितीसमोर देवासचा कंजर काय बोलला असता हे मला माहीत असल्याचा आव मी आणत नाही. त्यांची बाजू मांडू शकणारे मात्र होते. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालचा विमुक्त-भटक्या जमातींसाठीचा आयोग २००८मध्ये अहवाल देऊन बसला होता. भिकू रामजी इदाते यांचा आयोग त्यानंतरचा. दोन्ही अध्यक्ष मराठी माणसं, दोघांनी देशभरच्या विमुक्त वस्त्या पाहिलेल्या. भोपाळमध्ये क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट ही संस्था मध्य प्रदेशातल्या विमुक्तांवर पोलिसी कारवाई कशी होते याचाच अभ्यास करते. दिल्लीहून भोपाळला एक पत्र जायला किती वेळ लागतो?

२ एप्रिल, शनिवार, गुढीपाडवा. सुमारे १०० तास

संसदेला सुट्टी. धार-देवासच्या मराठी घरांवर गुढ्या उभ्या होत्या. चैत्र नवरात्र सुरू झालं. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, थोरली माता आणि धाकटी माता, यांच्या दर्शनाला या दिवसांत दूरदूरहून लोक चढतात. पवारांचीही देवी तीच आणि डेऱ्यांवरच्या कित्येकांचीही. पुढचं सगळं या नवरात्रातच घडलं.

४ एप्रिल, सोमवार, दुपार. सुमारे ५० तास

गृहमंत्री अमित शहा स्वतः उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं : कायदा १०२ वर्षांचा जुना झाला, विज्ञान पुढे गेलं, गुन्हेगार पुढे गेले, पोलीस मागे राहून चालणार नाही. पुराव्याअभावी आरोपी सुटतात, शिक्षेचं प्रमाण वाढलं पाहिजे. मानवी हक्क गुन्ह्याला बळी पडलेल्यांचेही असतात.

यातलं बरंच खरं आहे. विधी आयोगानं १९८०मध्येच ८७व्या अहवालात जुना कायदा सुधारायला सांगितलं होतं. ठशांवरून बेवारस मृतदेहाची ओळख पटू शकते, हेही खरं. त्याच एप्रिल महिन्यात मध्य प्रदेशनं नाफिसच्या साहाय्यानं एका मृताची ओळख पटवली, असं करणारं ते पहिलं राज्य. आपला माणूस कुठे गेला हे कुठल्याशा कुटुंबाला कळलं असेल, ते मोलाचं आहे. पण या घटनेतून दुसरंही दिसतं. कायदा अजून अंमलात यायचा होता, राष्ट्रपतींची सही नुकती झालेली किंवा व्हायची होती, आणि यंत्र चालू झालेलं होतं.

विरोधी बाजूनं सुरुवात मनीष तिवारी यांनी केली. महुआ मोईत्रा यांचा रोख साधा होता : इंग्रजांच्या कायद्यापेक्षा हा जास्त आत घुसतो, आणि माहिती-संरक्षणाचा कायदा देशात नाही. दयानिधी मारन यांनी राज्यांच्या अधिकारांचा मुद्दा काढला, कारण पोलीस हा राज्याचा विषय. महाराष्ट्रातून शिवसेनेचे विनायक राऊत विरोधात बोलले. सत्ताधारी बाकांवरून झारखंडचे माजी पोलीस महासंचालक विष्णू दयाल राम यांनी बाजू मांडली.

४ एप्रिल, संध्याकाळ. सुमारे ४८ तास

शहा यांनी उत्तर दिलं. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंगची सक्ती यात नाही असं सांगितलं, बाकीचं नियमांत स्पष्ट करू असा शब्द दिला. नियम म्हणजे सरकारनंच नंतर करायचे असतात. लोकसभेनं विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं.

आवाजी मतदानात नावं नोंदली जात नाहीत. त्या वेळी धारचे खासदार होते छतरसिंह दरबार, मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. देवासचे महेंद्रसिंह सोळंकी, मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. दोघेही भाजपचे. सोळंकी तर २०१९मध्ये न्यायाधीशपद सोडून निवडणुकीला उभे राहिलेले. आरोपी आणि दोषी यांत किती अंतर असतं हे न्यायाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बागचा भिल्ल किंवा सोनकच्छचा कंजर आज संसदेच्या कागदपत्रांत आपल्या खासदाराचं मत शोधायला गेला तर त्याला ते मिळणार नाही. कारण तिथे फक्त ‘प्रस्ताव स्वीकृत’ एवढंच आहे.

५ एप्रिल, मंगळवार. सुमारे ३० तास

आता थोडं ठाण्यात जाऊ, कारण सभागृहातले शब्द शेवटी तिथे उतरतात.

नाफिसची रीत अशी. अटक झाली की दहाही बोटं स्कॅनरवर. प्रत्येक अटक झालेल्याला दहा आकडी राष्ट्रीय ठसा-क्रमांक मिळतो, पहिले दोन आकडे राज्याचे. हा क्रमांक त्या माणसाला आयुष्यभर चिकटतो. पुढे देशात कुठेही गुन्हा घडला आणि घटनास्थळी ठसा मिळाला की साठ्याशी ताडून पाहिला जातो.

तत्त्वतः यात सगळे समान आहेत. पण साठ्यात कोण शिरतं ते अटक कोणाला होते यावर ठरतं, आणि अटक कोणाला होते ते ठाण्याच्या सवयीवर. हमरस्त्यावर कटिंग झालं की ज्या डेऱ्यावर दरवेळी गाडी जाते, त्या डेऱ्यातली बोटं साठ्यात आधी शिरणार. साठ्यात जास्त बोटं त्यांची, म्हणून जुळण्या जास्त त्यांच्या, म्हणून पुढच्या वेळी गाडी पुन्हा तिकडेच. ज्यांच्या घरी पोलीस कधी गेलेच नाहीत त्यांचे ठसे साठ्यात नाहीत, म्हणून त्यांचा गुन्हा जुळतही नाही. १९५२पूर्वी हे काम जातीच्या यादीनं होई. आता यादीवर जात लिहायची गरजच उरलेली नाही.

सुटल्यावर? विधेयकात आहे की आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर नोंद नष्ट करायची. मात्र न्यायालय किंवा दंडाधिकारी लेखी कारण देऊन ती ठेवायला सांगू शकतात. ‘सगळे उपाय संपल्यावर’ या तीन शब्दांत किती वर्षं मावतात हे देवासच्या जिल्हा न्यायालयाबाहेर बसलेल्या कुठल्याही बाईला विचारावं. आणि एकदा कुठेतरी छोटी शिक्षा झालेली असेल, दंड भरून सुटका करून घेतलेली असेल, तर ही सवलतही गेली. मग ७५ वर्षं. तो अमृतमहोत्सवाचा काळ होता, स्वातंत्र्याला अजून ७५ वर्षं पुरी व्हायची होती. एका अटकेची नोंद तेवढं आयुष्य घेऊन येणार होती.

६ एप्रिल, बुधवार, सकाळी अकरा. सुमारे ७ तास

राज्यसभा भरली. अधिवेशन ठरल्याप्रमाणे ८ एप्रिलपर्यंत होतं. प्रत्यक्षात ते ७ तारखेलाच संपलं. म्हणजे वेळ नव्हता असं म्हणण्याची सोय नाही, एक दिवस शिल्लक राहिला होता.

६ एप्रिल, दुपारनंतर

पी. चिदंबरम यांचं भाषण त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं. त्यांनी दोन निकाल पुढे ठेवले. २०१०चा सेल्वी खटला : नार्को, पॉलिग्राफ यांची सक्ती करता येत नाही. २०१७चा पुट्टस्वामी खटला : खासगीपणा मूलभूत हक्क आहे, त्यावर बंधन घालायचं तर ते गरजेपुरतं आणि प्रमाणात हवं. आणि एक विनंती केली. सुधारणेसाठी १०२ वर्षं थांबलात, आणखी १०२ दिवस थांबा, समितीला पाहू द्या.

शहा यांनी राजकीय स्थानबद्धांबद्दल खुलासा केला की केवळ राजकीय आंदोलनासाठी पकडलेल्यांना मापं द्यावी लागणार नाहीत. ज्यांना आंदोलन करता येतं त्यांना मंत्र्यांचा शब्द तरी मिळाला.

शेवटचा तास

विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, हा प्रस्ताव मताला आला. दार दुसऱ्यांदा दिसलं. बाजूनं ५९, विरोधात ९७.

माझ्या दृष्टीनं अनर्थ घडला तो या क्षणी, विधेयकाच्या मंजुरीच्या थोडा आधी. कायदा कडक असू शकतो, चुकीचाही असू शकतो, पुढे दुरुस्त होतो. पण ज्याचा हात स्कॅनरवर धरला जाणार त्याला एकदा समोर बसवून ऐकायचं की नाही, यावर वरिष्ठ सभागृहानं ३८ मतांनी ‘नाही’ म्हटलं. त्यानंतरचं आवाजी मतदान हा उपचार होता. संध्याकाळी विधेयक मंजूर झालं.

शून्यानंतर

१८ एप्रिलला राष्ट्रपतींची संमती. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात कायद्याला आव्हान.

३ ऑगस्टला सरकारनं माहिती-संरक्षणाचं विधेयक मागे घेतलं, तेच, ज्यावर समिती दोन वर्षं बसली होती. दुसऱ्या दिवशी, ४ ऑगस्टला, ओळखीचा कायदा अंमलात आला. माहिती गोळा करण्याचा कायदा आला त्या दिवशी तिचं रक्षण करणारा कायदा तर नव्हताच, त्याचा मसुदाही संसदेपुढे उरला नव्हता. १७ ऑगस्टला दिल्लीत नाफिसचं रीतसर उद्घाटन झालं. माहिती-संरक्षणाचा कायदा पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये झाला, पण गुन्हे रोखणं आणि तपास यांसाठी त्यातून बऱ्याच गोष्टी वगळलेल्या आहेत.

सप्टेंबरमध्ये नियम आले. शहांचा शब्द तिथे काही अंशी पाळला गेला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४, १४५ या कलमांखालचे मनाई आदेश मोडणाऱ्यांची किंवा १५१खाली पकडलेल्यांची मापं, दुसरा गुन्हा नसेल तर, घ्यायची नाहीत. १५१ डेऱ्यांवरही सर्रास लावलं जाई, त्यामुळे तेवढा दिलासा त्यांनाही मिळाला आणि तो नाकारायचं कारण नाही. पण विमुक्त जमातींचा उल्लेख नियमांत कुठेही नाही. नोंद पुसायची असेल तर राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्यानं दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी संबंध नाही ना हे तपासायचं, मग गुन्हे नोंद विभागाला शिफारस करायची. ठसे घेण्याचं काम आपोआप होतं, पुसण्याचं काम मात्र अर्ज करणाऱ्याच्या पायांवर.

न्यायालयांचं लक्ष यथावकाश गेलं. मे २०२४मध्ये अमानतुल्ला खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिस्ट्रीशीटा मागास आणि विमुक्त जमातींतल्या निरपराध लोकांविरुद्ध यांत्रिकपणे उघडल्या जातात याची दखल घेतली आणि सगळ्या राज्यांना आपली पद्धत पुन्हा तपासायला सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद मोडीत निघाला. मध्य प्रदेशच्या नियमावलीत विमुक्त जमातीच्या कैद्याला सराईत गुन्हेगार मानण्याची मुभा होती, तीही त्या खटल्यात समोर आली. १९५२नंतर ७२ वर्षांनी. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी काय पाळावं हेही न्यायालयानं सांगितलं. पण हे निकाल वहीबद्दल आणि तुरुंगाबद्दल आहेत. साठ्यातल्या दहा आकडी क्रमांकापर्यंत ते अजून पोचलेले नाहीत.

ते पोचवायचं तर एक माहिती आधी हवी. २०२२पासून धार आणि देवास जिल्ह्यांतल्या किती जणांची मापं घेतली गेली, त्यांतले किती निर्दोष सुटले, आणि सुटलेल्यांपैकी किती जणांच्या नोंदी खरोखर नष्ट झाल्या. तीन आकडे. लोकसभेत अतारांकित प्रश्न म्हणून ते मागता येतात, त्यासाठी पंधरा दिवसांची सूचना पुरते. धारच्या आताच्या खासदार सावित्री ठाकूर केंद्रात राज्यमंत्री आहेत, मंत्र्यांना प्रश्न विचारता येत नाही. देवासहून २०२४मध्ये पुन्हा निवडून आलेले महेंद्रसिंह सोळंकी यांना येतो. लेखी प्रश्नावर नाव छापलं जातं.